पक्ष नकोत, नुसत्या संघटना पुरेत का?

प्रश्न: गोव्यात जे काही वाचलं ते लोकांनी रस्त्यावर उतरून वाचवलं. पक्षवाले मत मागायला येतात, निवडून आले की दुसऱ्याच पक्षात जातात. मग पक्ष हवेतच कशाला? – एक वाचक, डिचोली

उत्तर: तुमचा राग कळतो, माझाही तोच आहे. २०१९ च्या जुलैत काँग्रेसच्या १५ आमदारांतले १० भाजपात गेले, २०२२ ला निवडून आलेल्या ११ मधले ८ त्याच वर्षी सप्टेंबरात गेले. एकटा आमदार गेला तर आमदारकी जाते, पण दोन तृतीयांश मिळून गेले की राज्यघटनेच्या दहाव्या परिशिष्टात, म्हणजे पक्षांतरबंदी कायद्यात, ते पक्षाचं विलीनीकरण धरतात आणि पद वाचतं. ही पळवाट बंदच व्हायला पाहिजे, मतदाराची ती सरळ फसवणूक आहे.

तरी पक्ष नकोत असं मी म्हणणार नाही. २००७ च्या सुरवातीला गोवा बचाव अभियानाच्या रेट्याने सरकारला प्रादेशिक आराखडा २०११, म्हणजे कुठली जमीन कशाला वापरायची ते ठरवणारा आराखडा, मागे घ्यावा लागला, केवढी मोठी गोष्ट ती! पण नवा आराखडा करायचं काम परत सरकारकडेच आलं ना. संघटना एखादी गोष्ट अडवू शकते, पण कायदा करणं, बजेटात पैसे धरणं हे निवडून आलेल्यांनाच करावं लागतं.

आणि संघटना काय एकच असते? तुमच्या डिचोलीतच बघा, २०१८ ला सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या ८८ खाण लीज रद्द केल्या तेव्हा ट्रकवाले हप्ते कसे फेडायचे म्हणून रडकुंडीला आले, आणि ज्यांच्या शेतात दर पावसात खाणीची माती उतरायची त्यांना जरा बरं वाटलं, कधीकधी तर एकाच घरात एक भाऊ ट्रकवाला नि दुसरा शेतकरी. दोघांचीही मागणी खरी. किनाऱ्यावरून जाळं ओढणारे रापणकार आणि यांत्रिक बोटींच्या ट्रॉलरवाल्यांचंही तसंच, रापणकार वर्षानुवर्षं झगडले तेव्हा कुठे १९८० चा सागरी मासेमारी कायदा झाला. आपापली बाजू मांडणं हे संघटनेचं कामच आहे, पण दोघांचं ऐकून निर्णय घ्यायचा आणि पाच वर्षांनी त्याचा जाब द्यायला लोकांसमोर उभं राहायचं, हे फक्त पक्षावर येतं. ज्या संघटनेकडे पैसा जास्त तिचाच आवाज मोठा होतो, ही भीती मला पक्षांतरापेक्षाही जास्त वाटते.

आपल्या आधीच्या पिढीने हे फार छान ओळखलं होतं. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याचं महाराष्ट्रात विलीनीकरण नको म्हणणारे ३४ हजारांनी जिंकले, आणि मगो (महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष) तर विलीनीकरणाचाच पक्ष, पण त्याच वर्षीच्या निवडणुकीत लोकांनी गोव्याचे पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकर यांच्या मगोलाच परत सत्ता दिली, कारण शाळा आणि कुळांच्या जमिनीसाठी त्यांना तोच पक्ष आपला वाटत होता. एका प्रश्नावर पक्षाला नाही म्हटलं म्हणून पक्षच टाकून दिला नाही.

तुम्ही संघटनेत राहाच. पण पुढच्या खेपेला उमेदवार दारात आला की मातीचं आणि ट्रकवाल्यांच्या हप्त्यांचं, दोन्हीचं काय करणार ते वाड्यावरच्या सगळ्यांसमोर विचारा, आणि मधेच पक्ष बदलला तर राजीनामा देऊन परत मतं मागायला येणार का, तेही लिहून घ्या.