वाचकांचे प्रश्न : खाडीतले मुळे, रानातले मांस

प्रश्न : माझे माहेर सोलापूरचे आणि सासर गुहागर तालुक्यातले. ओहोटीच्या वेळी सासूबाई शेजारणींबरोबर खाडीवर जाऊन मुळे (खाण्याच्या शिंपल्या) वेचून आणतात. त्यांच्या हातचे कालवण सुरेख होते. मी केले की दाताखाली रेती येते आणि दोनदा तर ते इतके खारट झाले की टाकून द्यावे लागले. मी मुळे रात्रभर नळाच्या पाण्यात भिजत ठेवते, तरी असे का व्हावे? (एक वाचिका, जिल्हा रत्नागिरी)

उत्तर : गफलत नळाच्या पाण्यात आहे. मुळे, म्हणजे मालवण-गोव्याकडच्या तिसऱ्या, घरी येतात तेव्हा जिवंत असतात आणि त्यांना खाऱ्या पाण्याची सवय असते. गोड्या पाण्यात पडताच ते शिंपले घट्ट मिटून घेतात, त्यामुळे पोटातली रेती पोटातच राहते आणि रात्रभरात त्यांतले कित्येक मरून जातात. समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण 35 ग्रॅम मीठ असते, खाडीच्या पाण्यात त्याहून कमी. म्हणून खाडीच्या मुळ्यांसाठी लिटरभर पाण्यात एक मोठा चमचा मीठ विरघळवावे, आणि वेचलेली जागा स्वच्छ असेल तर तिथलेच पाणी कळशीभर आणावे, हे सर्वांत उत्तम.

भांडे खोल नको, पसरट हवे. त्यात चाळणी अशी ठेवावी की ती तळाला टेकणार नाही. मुळ्यांनी बाहेर टाकलेली रेती खाली बसते आणि त्यांना ती पुन्हा ओढून घेता येत नाही. वर फडके टाकून अंधार करावा आणि तीन-चार तास, मध्ये एकदा पाणी बदलून, त्यांना निवांत सोडावे. रात्रभर मात्र ठेवू नये. उन्हाळ्यात तर नाहीच, कारण थोड्या पाण्यातला प्राणवायू लवकर संपतो.

त्यानंतर शिंपले एकमेकांवर घासून तीन-चार पाण्यांतून काढताना प्रत्येक मुळा हाताखालून जाऊ द्यावा. जो उघडा आहे आणि टिचकी मारूनही मिटत नाही तो मेलेला समजून टाकावा. जो मिटलेला आहे पण हाताला अवाजवी जड लागतो आणि आपटल्यावर बद्द वाजतो, त्यात नुसता चिखल असण्याचा संभव फार. तुमच्या दाताखाली येणारी रेती कदाचित अशा एकाच शिंपल्याची असेल, कारण तो उकळत्या रश्शात उघडला की सगळे पातेले गढूळ होते. म्हणून मुळे थेट कालवणात सोडू नयेत. ते विळीवर उघडावेत किंवा वेगळ्या पातेल्यात झाकण ठेवून वाफवावेत, म्हणजे चिखलाचा शिंपला तिथेच सापडतो. एकशिपी करायची असेल तर मांस असलेला अर्धा शिंपला ठेवून रिकामा टाकावा.

आता खारटपणाचे. उघडताना जे पाणी सुटते तीच मुळ्यांची खरी चव, आणि तेच खारट असते. ते फडक्यातून गाळावे, दहा मिनिटे निवळू द्यावे, तळचा गाळ सोडून वरचे घ्यावे आणि चव पाहत थोडे थोडे घालावे. मीठ अगदी शेवटी, आमसुले घातल्यानंतर, आणि तेही लागले तरच. वाफवलेले मांस पाच मिनिटांहून जास्त उकळले की रबरासारखे होते, त्यामुळे खोबऱ्याचे वाटण आधी पुरते शिजवून घ्यावे आणि मुळे मागून सोडावेत. सासूबाई बहुधा हे सगळे न सांगता करत असतील. पुढच्या वेळी त्यांच्याजवळ उभ्या राहून पाहा.

प्रश्न : आमच्याकडची जुनी माणसे पावसाळ्यात शिंपल्या खात नाहीत. ही केवळ समजूत आहे की तिला काही आधार आहे? नीट उकळल्यावर धोका कसला? (एक वाचक, वेंगुर्ले)

उत्तर : आधार आहे, आणि प्रश्नाचा दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. शिंपल्या पाणी गाळून त्यातले सूक्ष्म कण खातात. पावसाचे पाणी गावागावांतली घाण खाडीत आणून सोडते, आणि पाण्यात जे असेल ते शिंपल्यांच्या पोटात साचते. मिठाच्या पाण्यात ठेवल्याने रेती निघते, विषाणू निघत नाहीत.

उकळण्याबद्दल बोलायचे तर 1988 साली शांघायमध्ये शिंपल्या खाऊन सुमारे तीन लाख लोकांना ‘अ’ प्रकारची कावीळ झाली. तिथे शिंपल्या उकळत्या पाण्यात क्षणभर बुडवून खाण्याची रीत होती; शिंपला उघडला की तो शिजला असे लोक धरून चालत. या काविळीचा विषाणू मरायला मांसाच्या आतल्या भागाचे तापमान 90 अंश सेल्सिअसवर दीड मिनिट राहावे लागते. म्हणून शिंपला उघडल्यावर आणखी तीन ते पाच मिनिटे शिजवणे हा किमान नियम आहे.

पण काही गोष्टींपुढे आगही लंगडी पडते. समुद्रात विशिष्ट सूक्ष्म शेवाळांचा बहर आला की त्यांचे विष शिंपल्यांत साठते, आणि ते कितीही उकळले तरी नाहीसे होत नाही. केरळात विझिंजम इथे 1997 साली शिणाण्यांसारख्या शिंपल्या खाऊन सात जण दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. असे विष चवीला किंवा वासाला कळत नाही. खाल्ल्यानंतर ओठांना, जिभेला, बोटांना मुंग्या येऊ लागल्या तर घरगुती उपाय करत न बसता लगेच रुग्णालय गाठावे, कारण पुढे श्वासाचे स्नायू लुळे पडू शकतात आणि तेव्हा कृत्रिम श्वासोच्छ्वासाखेरीज दुसरा उतारा नाही. पाण्याचा रंग लालसर-तपकिरी दिसत असेल, किंवा मासे मरून किनाऱ्याला लागले असतील, तर ऋतू कोणताही असो, शिंपल्या वेचू नयेत. मात्र पाणी नितळ दिसले म्हणून निर्धास्तही होऊ नये.

जड धातूंचेही असेच आहे. ठाण्याच्या किंवा माहीमच्या खाडीसारख्या, शहराचे सांडपाणी घेणाऱ्या पाण्यातल्या शिंपल्या मी भर हिवाळ्यातही घरात येऊ देणार नाही.

प्रश्न : मुलाला खडकावरून फोडलेली कालवे (ऑयस्टर) लिंबू पिळून कच्चीच खायची आहेत. द्यावीत का? (एक वाचिका, अलिबाग)

उत्तर : देऊ नयेत. आपल्या किनाऱ्याचे पाणी बारमाही कोमट असते, आणि कोमट खाऱ्या पाण्यात वाढणारे जिवाणू कच्च्या कालवांतून पोटात जातात. यकृताचा आजार किंवा मधुमेह असलेल्यांना तर ते जिवावर बेतू शकतात. लिंबाने ते मरत नाहीत. कालवांचे तिखले करून द्या.

प्रश्न : गावाहून काका रानडुकराचे मांस पाठवतात. त्याचा उग्र वास जाण्यासाठी काय करावे? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : याची कृती मी देणार नाही. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे, आणि 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर त्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाच्या नुकसानीपायी वनखात्याच्या परवानगीने मारलेले जनावरही सरकारची मालमत्ता ठरते. ते कोणाच्या चुलीवर जाऊ शकत नाही. डुकरे रातोरात भाताचे उभे पीक लोळवतात, त्यामुळे शेतकऱ्याचा राग मला समजतो. पण भरपाईचा अर्ज ही एक गोष्ट आणि मांसाची पिशवी ही दुसरी. ससा, तित्तर आणि लावा यांनाही हेच लागू आहे. बाजारात मिळणारे पाळीव ससे आणि जपानी बटेर यांना मात्र ही अडचण नाही.

प्रश्न : आम्ही अमेरिकेत विस्कॉन्सिन राज्यात राहतो. दर नोव्हेंबरात शेजारी शिकार करून आणलेल्या हरणाचे मांस देतात. मटणासारखा रस्सा केला तर ते कोरडे आणि चिवट होते. शिवाय इथल्या हरणांत रोग असल्याचे ऐकून भीती वाटते. (एक वाचिका, मॅडिसन)

उत्तर : तिथे परवान्याने, ठरलेल्या हंगामात शिकार होते आणि असे मांस भेट देता येते, त्यामुळे वरच्या उत्तराची अडचण तुम्हाला नाही. भीती मात्र रास्त आहे. हरणांना झिजवून मारणारा हा मेंदूचा रोग त्या राज्यात 2002 साली आढळला. बिघडलेल्या प्रथिनामुळे होणाऱ्या या रोगाचे कारण शिजवून किंवा गोठवून नष्ट होत नाही. माणसाला तो झाल्याचे आजवर सिद्ध झालेले नाही, तरीही रोगी हरणाचे मांस खाऊ नये असा तिथल्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. राज्याचे वन्यजीव खाते हरणाची तपासणी विनामूल्य करते. शेजाऱ्यांना तपासणीचा निकाल विचारण्यात संकोच बाळगू नका, आणि कसायाने अनेक हरणांचे मांस एकत्र केले होते का, हेही विचारा. गोळी शिशाची असेल तर जखमेभोवतीचे मांस सढळ हाताने कापून टाकायला हवे, कारण शिशाचे बारीक कण डोळ्यांना दिसत नाहीत. लहान मुलांच्या ताटात ते जाणे सर्वांत वाईट.

रश्शाचे म्हणाल तर हरणाच्या मांसात चरबी जवळजवळ नसतेच, आणि असते ती मेणासारखी टाळूला चिकटते. तो उग्र वासही बराचसा तिचाच असतो. ती सगळी काढावी, वरचा चंदेरी पडदाही सुरीने सोलावा, आणि फोडणीला तूप किंवा बोकडाची चरबी घ्यावी. पाठीचे मांस रश्शात घालूच नये. त्याचे तुकडे आले-लसूण लावून तव्यावर चटकन परतावेत. रश्शासाठी खांदा आणि पाय मागून घ्यावेत, आदल्या रात्री दही, हळद आणि मीठ लावून ठेवावेत आणि मंद आचेवर दोन तास तरी शिजवावेत. कुकरच्या शिट्ट्यांनी ते मऊ होते, पण दोरे सुटतात. कच्ची पपई मी वापरत नाही. मांस वरून पीठ होते आणि आतून तसेच राहते. खिमा केलात तर तापमापी टोचून पाहावी आणि मध्यभागी 71 अंश सेल्सिअस, म्हणजे तुमच्याकडचे 160 फॅरनहाइट, दिसल्यावरच उतरवावा.