‘हो, हो’ म्हणालो, पण ऐकलं नव्हतं

प्रश्न: ताई, वय ४३. अकाउंट्सचं काम, बरंचसं घरूनच. हल्ली दिवस कुठे जातात कळत नाही. कुलूप लावलं का हे बघायला अर्ध्या जिन्यातून परत येतो. परवा मुलगी काहीतरी सांगत होती, मी ‘हो, हो’ म्हणालो. दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, ‘मग काय ठरलं, बाबा?’ मला विषयच आठवेना. माझी स्मरणशक्ती चालली आहे का?

उत्तर: तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. पहिल्यांदा मध्येच फोन वाजला, आणि कुलपाच्या पुढचं सगळं नुसतं डोळ्यांखालून गेलं. तेव्हा मी काही वरच्या पायरीवरून बोलत नाहीये.

आधी भीतीचं बघू. रोजच्या रस्त्यावर चुकायला होत असेल, ओळखीच्या वस्तूंची नावं सुचत नसतील, तर डॉक्टरांना दाखवा. झोप लागत नसेल किंवा मन खचलेलं असेल, तरीही. पण तुमच्या पत्रात यातलं काही दिसत नाही. कुलूप लावायची हातांना इतकी सवय झालेली असते की ते आपलं काम उरकतात, आणि मन तेव्हा भलतीकडेच असतं. तुम्ही हिशेबातले, ज्याची नोंदच केली नाही ती रक्कम खतावणीत शोधताय.

त्यावर उपाय आहे. जपानमधले रेल्वेचालक सिग्नलकडे बोट दाखवून तो मोठ्यानं उच्चारतात. बघायला वेडगळ वाटतं खरं. पण १९९४ मध्ये तिथल्या रेल्वे संशोधन संस्थेनं एका साध्या कामावर ही पद्धत तपासली, तेव्हा चुका दर १०० कृतींमागे २.३८ वरून ०.३८ वर आल्या. किल्ली फिरवताना तुम्हीही ‘लावलं’ म्हणा, अगदी तोंडानं. शेजारी हसले तर हसोत.

मुलीचं मात्र इतकं सोपं नाही. सोफी लरॉय या संशोधिकेनं २००९ मध्ये दाखवलं, की काम अपुरं टाकून दुसरीकडे वळलं की लक्षाचा काही भाग मागच्या कामातच रेंगाळतो. ती बोलत होती तेव्हा तुमचं अर्धं डोकं न जुळलेल्या आकड्यांत असणार. ते समजू शकते. मला खटकलं ते ‘हो, हो’. लक्ष भरकटणं नेहमी आपल्या हातात नसतं, पण न ऐकलेल्याची पोच देणं हातात असतं. पुढच्या वेळी ‘दोन मिनिटं थांब’ म्हणा, काम कुठे थांबलंय आणि पुढे काय करायचंय ते एका ओळीत लिहून ठेवा, आणि मग खुर्ची तिच्याकडे फिरवा. अशा टिपणानं मागचं काम डोक्यातून सुटायला मदत होते, हेही लरॉय यांच्या नंतरच्या प्रयोगांत दिसलं. आणि दोन मिनिटं म्हटलं तर दोनच हं, मुलं मोजतात.

प्रत्येक क्षणी जागरूक राहा, असं सांगणारे पुष्कळ भेटतील. त्यांच्या नादी लागू नका, दमून जाल. दात घासताना मन भटकलं तर खुशाल भटकू दे.

आजच तिच्याजवळ बसा आणि सांगा, ‘परवा मी ऐकलंच नव्हतं, परत सांग.’ कामाचं कारण जोडू नका. ती चिडेल. कदाचित म्हणेल, ‘जाऊ दे, काही नव्हतं.’ त्याला तेवढं ‘हो’ म्हणू नका.