जाळीच्या पर्सचं वय नावावरून नाही, त्या काळच्या ड्रेसवरून कळतं

तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. न्यू जर्सीत मावशीच्या शेजारी घरातलं सामान विकायला काढलं होतं तिथे मिळालेली धातूच्या रंगीत चकत्यांची जाळीची पर्स, फ्रेमच्या आत व्हायटिंग अँड डेव्हिस हे कंपनीचं नाव लिहिलंय, तर ती किती जुनी, साफ कशी करायची आणि डिसेंबरात भावाच्या लग्नात पैठणीवर घेतली तर चालेल का. मी मॅसॅच्युसेट्समध्ये राहते, ब्रिमफिल्डच्या जुन्या वस्तूंच्या बाजारात दरवर्षी जाते आणि या पर्सवर माझा फार जीव आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

आधी नावाचं सांगते. नावावरून वय ठरवू नका. मूळ कंपनी 1876 ची, इथल्याच मॅसॅच्युसेट्समधल्या प्लेनव्हिल नावाच्या छोट्या गावातली, चार्ल्स व्हायटिंग तिथे पोरसवदा असताना कामाला लागला आणि पुढे मालक झाला. त्या नावाच्या पर्स कितीतरी दशकं बनत राहिल्या. विकणारे मात्र 1950 च्या आसपासची साधी सोनेरी पर्ससुद्धा 1920 ची म्हणून गळ्यात मारतात, मी सुरुवातीला दोनदा फसलेय.

मग बघायचं काय, तर ही पर्स कुठल्या ड्रेसबरोबर धरली जायची ते. युरोपात अठराव्या शतकात बायकांचे घागरे एवढे घेरदार की आत कमरेला नाडीने बांधलेले दोन मोठे खिसे असायचे, बाहेरून दिसायचेच नाहीत. 1790 नंतर फॅशन पालटली, पातळ मलमलीचे, छातीखालीच कंबर असलेले सरळ झगे आले, त्यात खिसा ठेवला तर त्याचा फुगा दिसणार, म्हणून खिसा बाहेर हातात आला, नाडीचा छोटा बटवाच म्हणा ना. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शॅटलेन परत जोरात होतं, म्हणजे कमरपट्ट्याला अडकवायचा आकडा आणि त्याला लटकणारी पर्स, आपल्या आज्या कमरेला चांदीचा छल्ला खोचून त्यात किल्ल्या ठेवायच्या तीच कल्पना. पहिल्या जाळीच्या पर्स या अशा होत्या, चिलखताच्या कड्यांसारख्या बारीक कड्या एकमेकींत गुंतवलेल्या, कुठे खरी चांदी तर कुठे जर्मन सिल्व्हर. हो, आपल्याकडच्या दुकानांत मिळतं तेच जर्मन सिल्व्हर, तांबं निकेल आणि जस्त, चांदीचा कणही नाही.

या कड्या हाताने जोडायच्या बरं का! प्लेनव्हिल आणि आजूबाजूच्या गावांतल्या बायका हे काम घरी न्यायच्या, सोलापुरात विड्या वळायला नेतात तसं, आणि चुलीजवळ बसून पक्कडीने एकेक कडी मिटवायच्या. एका पर्समध्ये हजारो कड्या. म्हणून मी अशी पर्स हातात घेतली की आधी ती आतून बघते, बाहेरून नाही. मग 1909 मध्ये न्यूअर्कच्या ए. सी. प्रॅट यांनी जाळी विणणारं मशीन काढलं (तुमच्या मावशीच्याच न्यू जर्सीतलं न्यूअर्क!), ते व्हायटिंग अँड डेव्हिसकडे आलं आणि श्रीमंतांची वस्तू दुकानात काम करणाऱ्या मुलीला परवडायला लागली.

आता तुमची पर्स. तुम्ही टाकलेल्या फोटोत खाली झिगझॅग कड आहे, भौमितिक नक्षी आहे आणि कड्यांऐवजी चार हातांच्या चपट्या चकत्या आहेत. याला आर्मर मेश म्हणतात. मला ती 1920 च्या दशकातली, शेवटच्या काही वर्षांतली वाटते. त्या काळात ड्रेस खांद्यावरून सरळ खाली पडणारा, गुडघ्यापर्यंत आखूड, हात उघडे, खिसा नाही आणि बाईला रात्रभर नाचायचंय. पावडरचा डबा, लिपस्टिक, थोडे पैसे, बस. आधी चारचौघांत लिपस्टिक काढणं चांगल्या घरच्या बाईचं लक्षण मानत नसत, आता ती टेबलावर उघड निघाली आणि तिला घर म्हणून ही चपटी, झगमगती, नाचताना हलणारी पर्स आली. चपट्या चकतीवर छपाई करता येते, म्हणून इतके रंग. 1922 मध्ये तुतानखामेनची कबर सापडल्यावर इजिप्शियन नक्षी आली, 1925 च्या पॅरिसमधल्या सजावटकलेच्या प्रदर्शनानंतर कोनदार नक्षी.

बारीक कड्यांवर छापलेली, कडा इकतसारख्या विरघळलेली नक्षी दिसली तर ती ड्रेस्डेन मेश, माझी सगळ्यात लाडकी. आणि गालिच्यासारखी नक्षी, खाली थेंबासारख्या लोलकांची झालर असेल तर फ्रेमवर मंडालियन नाव शोधा, नॉर्थ ॲटलबरोमधली कंपनी, मालक ऑटोमन साम्राज्यातून आलेला. 1944 मध्ये तीही व्हायटिंग अँड डेव्हिसने घेतली. तोवर युद्ध सुरू होतं, धातू पर्ससाठी कुठून मिळणार. नंतरच्या पर्स बहुतेक एकरंगी सोनेरी चंदेरी, संध्याकाळच्या पार्टीला शोभणाऱ्या, छान आहेत पण ती रंगांची मजा नाही.

साफसफाई. चिंच, लिंबू, टूथपेस्ट, चांदी उजळायची पावडर, काहीही लावू नका, अगदी हात जोडून सांगते. माझ्या पहिल्या पर्सला मी चांदीचं पॉलिश लावलं, निळ्या रंगाचे पोपडे कापडाला चिकटून आले, ते अजून आठवतं. रंगीत जाळीला फक्त कोरडा मऊ ब्रश, मेकअपचा चालेल. ठेवताना टांगायची नाही, स्वतःच्या वजनाने कड्या ताणतात, आडवी ठेवा, आत पांढरा टिश्यू पेपर आणि घडी अजिबात घालू नका, चकतीचा हात वाकून तुटतो आणि मग तशीच चकती दुसऱ्या मोडक्या पर्समधून काढून लावावी लागते.

लग्नात जरूर घ्या, अशी वस्तू कपाटात कशाला. मात्र मोबाईल त्यात मावणार नाही आणि दाबून कोंबू नका, फ्रेमचा सांधा जाईल. अत्तर आणि हेअरस्प्रे पर्स हातात घेण्याआधी. पैठणीचं खरं भय उलटं आहे, एखाद्या चकतीचा हात जरी वर आलेला असेल तरी तो पदराच्या रेशमात अडकून धागा ओढतो, म्हणून आदल्या दिवशी जुन्या नायलॉनच्या मोज्यावरून पर्स हलकेच फिरवून बघा, जिथे अडकेल तिथे खूण करा, आणि लग्नात ती उजव्या हातात धरा, पदराच्या बाजूला नको.

फ्रेमच्या आतल्या शिक्क्याचा जवळून फोटो टाकलात तर आणखी नक्की सांगता येईल.