डेटा केबल, चार्जिंगची वायर आणि आपले दत्त

पंचवटीतल्या एका ताईंनी तीन गोष्टी विचारल्यात. मोबाईलच्या दुकानात चार्जिंगची वायर मागितली की दुकानदार तिला 'डेटा केबल'च म्हणतो, ते बरोबर का? डेटाला चांगला मराठी शब्द कोणता? आणि केबलचं अनेकवचन केबल्स करायचं की आणखी काही?

पहिल्याचं उत्तर आधी देऊन टाकतो कारण त्या शब्दावर माझा दिवाळीपासून राग आहे. बरोबर नाही! जिच्यातून डेटा जातो ती डेटा केबल, जिच्यातून नुसता करंट जातो ती चार्जिंगची वायर, या दोन वेगळ्या वस्तू आहेत.

झालं असं की सिन्नरकडच्या माझ्या आत्यानं दिवाळीत जात्यावरच्या ओव्या म्हटल्या, मी समोर बसून फोनवर सगळ्या शूट केल्या, ४० जीबीच्या आसपास गेलं, म्हटलं लॅपटॉपवर उतरवून ठेवू. जुनी वायर सैल झाली होती म्हणून एमजी रोडवर गेलो, एका दुकानात 'डेटा केबल द्या' म्हटलं, पोरानं दिली, घरी येऊन लावली तर फोन चार्ज होतोय पण लॅपटॉपला तो दिसतच नाही. अर्धा तास सेटिंग खालीवर केल्या. शेवटी चष्मा लावून वायरीचं चपटं टोक खिडकीच्या उजेडात धरलं. तुम्हीही घरातली एखादी जुन्या पद्धतीची चपटी यूएसबी पिन घेऊन बघा, आत चार सोनेरी पट्ट्या दिसतात, कडेच्या दोन जरा लांब, मधल्या दोन आखूड. कडेच्या करंटच्या, त्या मुद्दाम लांब ठेवलेल्या असतात म्हणजे पिन आत सरकताना आधी करंट जोडला जातो आणि मग बाकीचं. मधल्या दोन डेटाच्या. माझ्या कोऱ्या करकरीत 'डेटा केबल'ला मधल्या दोन पट्ट्याच नव्हत्या, तिथे नुसतं प्लास्टिक. परत घेऊन गेलो तर पोरगा म्हणतो, "काका, चार्जिंग होतंय ना? मग डेटा केबलच आहे की ती."

त्या पोराला दोष देण्यात अर्थ नाही, हे नाव चिकटलं कसं ते बघायला पाहिजे. नोकियाच्या जमान्यात चार्जरची 'बारीक पिन' आणि 'जाड पिन' असायची, तिच्यातून फक्त करंट जायचा आणि तिला कुणी चुकूनही डेटा केबल म्हणत नव्हतं. डेटा केबल ही वेगळी वस्तू होती, गाणी भरायला लागायची, ज्याच्याकडे असेल त्याच्याकडे गल्लीतली सगळी पोरं फेऱ्या मारायची. २००७ साली मायक्रो यूएसबी आली, मग हळूहळू करंट आणि डेटा दोन्ही एकाच भोकातून जायला लागले, आणि दोन वस्तूंची एक झाल्यावर त्यातलं जे भारदस्त नाव होतं तेच उरलं. इथवर ठीक होतं. पुढे स्वस्तातल्या वायरींतून मधल्या दोन तारा गुपचूप गेल्या, नाव मात्र तसंच राहिलं, आणि ते मला अजिबात मान्य नाही.

त्याच दुकानात दुसरं वाक्य ऐकलं, "मग टाईप सी टू टाईप सी घ्या, ती फास्टच असते." हेही सगळीकडे ऐकतो. टाईप हा मूळ ग्रीक शब्द 'तिपोस', ठोकून उमटवलेला ठसा, साचा. शब्दच सांगतोय की टाईप सी म्हणजे फक्त साचा, तोंडाचा आकार, आतून किती वेगानं जातंय ते त्यात कुठेच नाही. सीचा तो अंडाकृती साचा २०१४ मध्ये ठरला, त्यात २४ पट्ट्या बसवायची सोय आहे, पण सगळ्या वापरायलाच हव्यात असं नाही, त्यामुळे बहुतेक चार्जिंगच्या सी केबलींमध्ये डेटा जातो तो यूएसबी २.० च्या वेगानं, आणि ते मानक २००० सालचं आहे! सेकंदाला ४८० मेगाबिट. इथे परत लोक '४८० एमबी' म्हणतात. मेगाबिट हो, मेगाबाईट नव्हे. आठ बिटांचा एक बाईट, म्हणजे ४८० चे कागदावर झाले ६० मेगाबाईट आणि प्रत्यक्षात हाती येतात तीस-चाळीस. आत्याच्या ४० जीबीला वीसेक मिनिटं. त्याच तोंडाची १० गिगाबिटवाली (हजार मेगाबिटांचा एक गिगाबिट) केबल असेल आणि दोन्हीकडची मशिनं तेवढी चपळ असतील तर मिनिट-दोन मिनिटांचं काम. २०२३ च्या आयफोन १५ चंच बघा, साध्या मॉडेलला सी पोर्ट आहे पण वेग ४८० मेगाबिट, प्रोला १० गिगाबिट, आणि प्रोच्या खोक्यात जी केबल आली ती परत ४८० वालीच. म्हणजे फोन पळू शकतो पण सोबत दिलेल्या केबलीतून पळता येत नाही. तोंडावरून यातलं काही म्हणजे काही कळत नाही.

असो. आता डेटा, ज्यासाठी मी हे लिहायला बसलो.

डेटा हा 'दतुम' या लॅटिन शब्दाचा अनेकवचनी 'दता'. दतुम म्हणजे काय? दिलेलं. लॅटिनमध्ये 'दारे' म्हणजे देणे, त्याला भूतकाळाचा त लागला की दतुम. आपल्याकडे दा म्हणजे देणे, त्याला तोच भूतकाळाचा त लागला की दत्त. धातू एक आणि प्रत्ययही एक! संस्कृतात त जोड झाला कारण पाणिनीचा नियमच आहे की हा त पुढे आला की 'दा'चा 'दद्' होतो, म्हणून दत्त, नाहीतर तिथेही एकच त राहिला असता. ग्रीकात 'मी देतो' म्हणायला 'दिदोमि' आणि संस्कृतात 'ददामि', शेजारी शेजारी ठेवून मोठ्यानं म्हणून बघा. मी हे पहिल्यांदा वाचलं त्या संध्याकाळी गोदाकाठी एकमुखी दत्ताच्या देवळात गेलो होतो, आणि अत्रि-अनसूयेला देवानं स्वतःलाच देऊन टाकलं म्हणून तो दत्त, ही लहानपणापासून ऐकलेली गोष्ट एकदम नव्यानं समजली. भागवतातही हीच व्युत्पत्ती दिलीये. दत्त हे विशेषनाम नंतरचं, आधी ते साधं धातुसाधित आहे, दिलेला. दत्तक म्हणजे दिलेला मुलगा. देवदत्त म्हणजे देवानं दिलेला, आणि थिओडोर या ग्रीक नावाचा अर्थ देवाची देणगी, तोही याच धातूचा.

आता लगेच काही लोक उड्या मारतील की बघा, डेटा संस्कृतातूनच गेला. नाही गेला. त्यांनी आपल्याकडून घेतलं नाही, आपण त्यांच्याकडून घेतलं नाही. ही चुलत भावंडं आहेत, दोघांचा आजा एक, आणि तो आजा संस्कृतही नव्हता आणि लॅटिनही. भावंडाला बळंच आपलं लेकरू म्हणून मिरवायचं आणि खरं नातं आहे ते बघायचंच नाही, याचा मला फार त्रास होतो, कारण खरं नातं जास्त सुंदर आहे.

इंग्रजीतला तारखेचा 'डेट' पण हाच शब्द. रोमन लोक पत्रावर 'रोममध्ये दिलं' असं लिहून पुढे दिवस घालायचे, तर त्या 'दिलं'चीच पुढे तारीख झाली. म्हणजे डेट आणि डेटा सख्खे. युक्लिडचं भूमितीवर एक पुस्तक आहे, 'देदोमेना', म्हणजे दिलेल्या गोष्टी, अमुक दिलं असेल तर तमुक आपोआप ठरतं अशी त्यातली मांडणी, आणि लॅटिनमध्ये त्या पुस्तकाचं नाव डेटा. आजच्या ग्रीसमध्येही डेटाला देदोमेनाच म्हणतात. फ्रेंच म्हणतात 'दोने', दिलेल्या. फारसीत 'दादे', दिलेलं. सगळ्यांनी 'देणं' जपून ठेवलं.

आणि आपण काय केलं? सरकारी परिभाषेत 'आधारसामग्री'. सहा अक्षरं, आणि त्यात देण्याघेण्याचा मागमूस नाही, मंडप डेकोरेटरच्या गोडाऊनची आठवण येते. नेटवरच्या मराठी मंडळींनी 'विदा' चालवला, तो विद् म्हणजे जाणणे यावरून. छोटा आहे, बोलायला बरा आहे, आणि तो वापरणारे लोक मनापासून मराठीसाठी झटणारे आहेत हे मला माहितीये, पण अर्थ साफ चुकलाय. विद् हे डेटाच्या नंतरचं काम आहे. आत्यानं ओव्या दिल्या, त्या फोनमध्ये पडून आहेत, त्यातलं मला किती कळलं हा पुढचा प्रश्न. अजून कळलं नाही त्यालाच तर डेटा म्हणतात, त्याला जाणण्याचा धातू कसा लावता? वर हिंदीमुळे विदा म्हटलं की लोकांना आधी निरोप ऐकू येतो, ते वेगळंच. हे मी एकदा एका निवृत्त प्राध्यापकांपुढे बोललो तर ते म्हणाले, "देवाचं नाव वायरीला लावणार का?" वायरीला लावायचं म्हणतंय कोण, वायरीतून जे जातं त्याला लावायचंय, आणि देवाचं नाव म्हणाल तर ते याच धातुसाधितावरून आलंय.

शेजारी बघा. कन्नडमध्ये डेटाला 'दत्तांश' म्हणतात. दत्त अधिक अंश, दिलेल्याचा तुकडा. किती नेमका शब्द! वर्षानुवर्षं आपण गाणगापूरला जातो, प्रसाद घेऊन येतो, हा शब्द तेवढा तिथेच राहिला. मराठीत दत्त आहे, अंश आहे, अक्षांश-रेखांश तर शाळेतलं पोरगं म्हणतं, मग दत्तांश जड का वाटावा? बनवलेला शब्द रुळत नाही हे मला सांगू नका. इथून जवळच्या भगूरला जन्मलेल्या सावरकरांनी महापौर दिला, दिनांक दिला, आज कुणाला ते बनवलेले वाटतात? रोजच्या बोलण्यात डेटा म्हणा, मी पण म्हणतो, 'दीड जीबी डेटा संपला' इतकं ते घरचं झालंय. पण लिहिताना, शिकवताना, पाठ्यपुस्तकात दत्तांश यायलाच हवा.

आणि केबल! हा तर माझा सगळ्यात लाडका. मध्ययुगीन लॅटिनमध्ये 'कापुलुम' म्हणजे गुरं धरायची दोरी, आपलं दावं. ते आलं 'कापेरे' पासून, म्हणजे घेणे, पकडणे. कॅप्चर याच धातूचा. म्हणजे डेटा केबल या जोडशब्दात पहिला अर्धा भाग 'देणे' आणि दुसरा 'घेणे'! आख्खी देवाणघेवाण एका शब्दात बसलीये आणि बनवणाऱ्याला बहुतेक माहितही नसेल. म्हणून तर मधल्या दोन पट्ट्या नसलेल्या वायरीला कुणी डेटा केबल म्हटलं की मला लागतं, देण्याचा भाग कापून टाकलाय आणि उरलंय नुसतं दावं. रात्री उशाशी बोर्डाला फोन लावलेला असतो तो बघा, अडीच-तीन फूट दोरीच्या टप्प्यात, गोठ्यात बांधलेल्या जनावरासारखा चरतोय. त्या वायरीला दावं म्हटलं तर शब्दाच्या मूळ अर्थाला धरूनच होईल. आत्याकडे गोठ्यात दावं तुटलं की ती म्हणायची 'नवं दावं वळायला घ्या', आणि परवा फोनची वायर तुटल्यावर तिच्या नातवाला तिनं अगदी हेच शब्द वापरले, "अरे, त्या मोबाईलचं दावं तुटलंय बघ." तिला लॅटिनची एक ओळ माहीत नाही.

दुकानात काय मागायचं तेवढं सांगतो. 'डेटा केबल' म्हणून थांबू नका, 'डेटा जाणारी हवी, किती गिगाबिटची आहे ते खोक्यावर दाखवा' म्हणा. खोक्यावर ४८० मेगाबिट लिहिलं असेल किंवा काहीच लिहिलं नसेल तर ती मोठ्या फाईलींना नको. नुसतं चार्जिंग करायचं असेल तर चार्जिंगची वायर मागा, त्यात कमीपणा काही नाही. माझं काम शेवटी तिसऱ्या केबलीनं झालं, चहा गाळेपर्यंत ओव्या उतरल्या होत्या.

तिसरा प्रश्न राहिला, ताई. केबली. वायर-वायरी, विहीर-विहिरी, तशी केबल-केबली. केबल्स अजिबात नको, अनेकवचनासाठी दुसऱ्या भाषेतून स मागून आणायची वेळ मराठीवर आलेली नाही. आणि डेटा पुल्लिंगी, वाटा-फाटा-काटा या ओळीतला. फक्त फाट्यावर म्हणतो तसं 'डेट्यावर' अजून कुणी म्हणत नाही, 'डेटावर'च म्हणतात, सामान्यरूप व्हायला आणखी एखादी पिढी जावी लागेल. 'दिल्लीचे डेटा आले' असं अनेकवचनी बोलणारे भेटतात, त्यांना सांगा की लॅटिनमधलं अनेकवचन लॅटिनमध्येच राहू द्या.