मुलीच्या बाबांच्या घरी सोशल वर्कर आली. आता शनिवारी मुलीला पाठवू की नको?

ताई, तुमचं मला कळलं ते असं. मुलगी ७ वर्षांची, तुमच्यापाशी राहते, एकाआड एक शनिवार-रविवार बाबांकडे जाते. बाबांनी दुसरं लग्न केलंय, त्या बाईंचा आधीचा १२ वर्षांचा मुलगा त्याच घरात आहे. त्याच्या शाळेनं काहीतरी कळवलं आणि परवा कौन्सिलच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, सोशल वर्करचा तुम्हाला फोन आला. तुमची धास्ती, 'माझीही मुलगी काढून नेतील का?'

आधी त्याचंच सांगते, म्हणजे रात्री झोप तरी लागेल. इंग्लंडमध्ये सोशल वर्करला आपल्या मर्जीनं मूल उचलून नेता येत नाही. कोर्टाचा आदेश लागतो, नाहीतर पालकांची संमती. अगदीच तातडीचा धोका असेल तर पोलिस मुलाला सुरक्षित जागी ठेवू शकतात, तेही जास्तीत जास्त ७२ तास. शिवाय चौकशी तुमच्या घराची नाही, त्या घराची चाललीय.

आता सोमवारी फोन कराल तेव्हा विचारा, 'कलम १७ की कलम ४७? आणि माझ्या मुलीचं नाव यात आहे का?' दोन्ही कलमं १९८९ च्या चिल्ड्रन ॲक्टमधली. १७ म्हणजे घराला मदत हवी आहे का ते बघणं, हे संमतीनं चालतं. ४७ म्हणजे मुलाला गंभीर इजा होतेय किंवा होईल अशी शंका. असेसमेंटला कामाचे ४५ दिवसांपर्यंत लागू शकतात, तेव्हा आठवड्यात निकाल लागेल अशी आशा नको. मुलीचं नाव असेल तर आई म्हणून रिपोर्ट मागा, मीटिंगला बोलवा म्हणून सांगा. त्या मुलाबद्दल मात्र तुम्हाला फारसं सांगणार नाहीत, आणि खोदून विचारूही नका. ते पोर आधीच कुठल्या कात्रीत सापडलंय कोण जाणे.

राहिला शनिवार. इथे गोम आहे. सोशल वर्कर फोनवर गोड आवाजात म्हणतात, 'निर्णय तुमचा, पण मुलीची सुरक्षितता बघणं तुमची जबाबदारी.' म्हणजे पाठवलं तर तुम्ही बेफिकीर, नाही पाठवलं तर बापलेकीत फूट पाडणारी! म्हणून सरळ विचारा, 'या शनिवारी तिनं तिथे रात्री राहणं सुरक्षित आहे असं तुमचं मत आहे का?' जे उत्तर येईल ते त्याच संध्याकाळी ई-मेलनं त्यांना लिहून पाठवा, 'आज आपलं असं बोलणं झालं, काही चुकलं असेल तर कळवा.' भेटींबद्दल कोर्टाचा आदेश असेल तर परस्पर भेट बंद करू नका. पाठवू नका असं त्यांचं मत पडलं तर ते लेखी घ्या आणि आदेश बदलून घ्यायला लगेच वकील गाठा. आदेशच नसेल तर मधला मार्ग काढता येतो, दिवसा भेट, बागेत किंवा आत्याच्या घरी, रात्रीचा मुक्काम तूर्त नाही. वकील परवडत नसेल तर फॅमिली राइट्स ग्रुप या संस्थेची मोफत सल्ल्याची फोनलाइन आहे, नेमकी अशाच घरांसाठी.

आता थोडं माझं, कारण ही चूक मी केलीय. माझा मुलगा ८ वर्षांचा असताना त्याच्या बाबांच्या नव्या संसारात असंच झालं. खरं सांगते, मनातून मला बरं वाटलं होतं. बघा, मी म्हणत होतेच! दर रविवारी संध्याकाळी तो दारात बूट काढत असतानाच माझी उलटतपासणी सुरू. काय खाल्लं, कोण ओरडलं, ती काय म्हणाली. सोशल वर्करनं त्याला कागदावर तीन घरं काढून दिली, एक काळजीचं, एक छान गोष्टींचं, एक स्वप्नांचं. ही त्यांची नेहमीची रीत आहे. मला वाटलं, काळजीच्या घरात सावत्र आई असणार. रिपोर्टमध्ये त्या कागदाची झेरॉक्स होती. काळजीच्या घरात त्यानं एक दार काढलं होतं, दारात मी, आणि शेजारी लिहिलं होतं, 'मम आस्क्स अँड आस्क्स', आई विचारतच राहते.

तेव्हापासून मी रविवारी फक्त 'भूक लागलीय का?' एवढंच विचारायला शिकले. तो आपणहून बोलायचा, बहुधा भांडी घासताना, माझी पाठ त्याच्याकडे असताना. मग मी त्याचेच शब्द तारखेसकट वहीत लिहून ठेवायची, माझी मल्लिनाथी न करता. तुमची लेक काही गंभीर बोलली तर तुम्हीही तेवढंच करा आणि त्याच दिवशी सोशल वर्करला कळवा. स्वतः प्रश्न विचारत बसलात तर पुढे 'आईनंच पढवलं' असं म्हणायला जागा राहते.

आणि हो, मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर चकार शब्द नको. पुण्याला सासूबाईंपर्यंत पोचायला दहा मिनिटं लागत नाहीत.

ती वही मात्र आजच सुरू करा. माझ्या वेळी पाच महिन्यांत तीन सोशल वर्कर बदलल्या, प्रत्येकीला पहिल्यापासून सांगावं लागलं, आणि फाइलमध्ये नसलेल्या दोन फोनांच्या तारखा फक्त माझ्या वहीत होत्या.