लायपोसक्शन : काटा, मोजपट्टी आणि पहिला आठवडा

प्रश्न : माझं वजन ९५ किलो, उंची १६० सेंटिमीटर. लायपोसक्शनने किती किलो कमी होतील?

तुमचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) ३७ येतो, म्हणजे वजन बरंच जास्त आहे. या वजनाला लायपोसक्शन, म्हणजे नळीने चरबी ओढून काढणं, हा उपाय नव्हे. चिमटीत धरता येते ती त्वचेखालची चरबीच नळीने ओढता येते. आतड्यांभोवतीची चरबी, जिच्यामुळे पोट टणक आणि पुढे आलेलं दिसतं, तिला नळी पोहोचत नाही. ओढून काढलेला ऐवज ५ लिटरच्या वर गेला की शस्त्रक्रिया जोखमीची मानतात, आणि त्या ऐवजातही चरबीबरोबर शस्त्रक्रियेसाठी त्वचेखाली सोडलेलं द्रव असतं. आधी वजन उतरवून काही महिने स्थिर ठेवा. मग एखाद्या जागी हट्टाने राहिलेली चरबी असेल, तर तिच्यासाठी हा मार्ग आहे. लोंबणारी त्वचा मात्र याने आवळत नाही, उलट कधी जास्त सैल दिसते.

प्रश्न : पुढच्या महिन्यात पोट आणि कमरेचं लायपोसक्शन ठरलं आहे. काय तयारी करावी?

धूम्रपान किमान ४ आठवडे आधी बंद. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम रेंगाळते. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन, ‘ई’ जीवनसत्त्व, माशाच्या तेलाच्या कॅप्सूल यांनी रक्तस्राव वाढू शकतो. बहुधा एक-दोन आठवडे आधी थांबवतात. पण हृदयासाठी रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती स्वतःहून कधीही बंद करू नका. गर्भनिरोधक गोळ्या आणि घरगुती काढेसुद्धा डॉक्टरांना सांगा. ‘ते काय औषध आहे का’ म्हणून नेमकं तेच सांगायचं राहतं. घरी पहिल्या रात्री सोबत कोणीतरी हवंच. आत सोडलेल्या द्रवात सलाईनबरोबर लिडोकेन (बधिर करणारं औषध) आणि अ‍ॅड्रेनालिन असतं, आणि लिडोकेनचं रक्तातलं प्रमाण काही तासांनी, बहुधा घरी पोहोचल्यावर, सर्वांत जास्त होतं. कानात गुणगुण, जीभ बधिर, तोंडाला धातूसारखी चव असं काही वाटलं तर लगेच फोन करा.

प्रश्न : चौथा दिवस आहे. पोट आधीपेक्षा मोठं दिसतं, वजन दोन किलोंनी वाढलंय, जांघेपर्यंत काळंनिळं झालंय. काही चुकलं का?

बहुधा नाही. पहिल्या दिवसांत शरीर पाणी धरून ठेवतं, म्हणून काटा वर जातो. निळेपणा गुरुत्वाकर्षणाने खाली उतरतो. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर जांघ आणि जननेंद्रियावरही दिसतो, २-३ आठवड्यांत जातो. छेदांतून पहिले एक-दोन दिवस गुलाबी, पातळ पाणी झिरपणं अपेक्षितच असतं (गादीवर प्लास्टिक घालायला कोणी सांगत नाही, म्हणून लोक घाबरतात). लालभडक, दाट रक्ताने पॅड भरू लागला तर तो प्रकार वेगळा.

कॉम्प्रेशन गारमेंट (अंगाला दाब देणारा घट्ट पोशाख) साधारण ४ ते ६ आठवडे घालावं लागतं. पहिल्यांदा काढताना दाब एकदम सुटून चक्कर येते, म्हणून बसून, कोणाच्या सोबतीने काढा. त्याला सुरकुती पडू देऊ नका, तिचा वळ कातडीवर राहतो. मांडीत रुतून पाय सुजत असेल तर माप चुकलंय. ‘घट्ट तितकं चांगलं’ हा गैरसमज आहे. पहिल्या दिवसापासून घरातल्या घरात थोडं थोडं चाला, पडून राहिल्याने पोटरीत गुठळीचा धोका वाढतो. जड व्यायाम ४-६ आठवड्यांनी, सर्जनना विचारून.

मात्र एका पोटरीत दुखणं आणि सूज, दम लागणं, छातीत कळ, बरळणं किंवा गोंधळलेपणा, औषधाने न थांबणारी आणि वाढत जाणारी पोटदुखी, ताप, किंवा पसरत जाणारी लाली, यांतलं एकही लक्षण दिसलं तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नका, तडक रुग्णालयात जा. गुठळी फुप्फुसात जाणं, चरबीचे कण रक्तात मिसळणं, नळीने आतडं छेदलं जाणं हे सारं विरळ आहे, पण उशीर झाला की जिवावर बेततं.

प्रश्न : दोन महिने झाले. एका बाजूला टणक गाठी लागतात, त्वचा बधिर आहे. पुन्हा करून घेऊ?

एवढ्यात नको. टणकपणा आणि बधिरता बऱ्याचदा काही महिन्यांत ओसरते. अंतिम आकार ३ ते ६ महिन्यांनी कळतो. खळगे किंवा उंचवटे त्यानंतरही राहिले, तर दुरुस्तीचा विचार सहा महिन्यांनी करतात. हात लावल्यावर पाणी हलल्यासारखं वाटणारा फुगवटा असेल तर मात्र सर्जनना आत्ताच दाखवा. तो सेरोमा, म्हणजे त्वचेखाली साठलेलं पाणी, असू शकतो, आणि सुईने पाणी काढावं लागतं.