गारमेंट कंपनीत युनियनचे फॉर्म भरायला घेतले आणि धमक्या सुरू झाल्या. नोकरी न गमावता पुढे कसं जायचं?

तुमच्या प्रश्नातली परिस्थिती थोडक्यात अशी: आठशेच्या आसपास कामगारांची निर्यातीची गारमेंट कंपनी, बहुतेक बायका. फॉर्म भरायला घेतल्यावर महिन्याभरात दोघींना एचआरच्या केबिनमध्ये बसवून राजीनाम्यावर सही मागितली, एकीच्या नवऱ्याला फोन गेला, तिसरीला मशीनवरून उठवून धागे कापायला बसवलं. आता बाकीच्या आपले फॉर्म परत मागतायत.

हे सगळं बेकायदेशीर आहे. पण अशा प्रकरणात न्यायालयासमोर तीन प्रश्न येतात: ही बाई युनियनच्या कामात होती का, कंपनीला ते माहीत होतं का, आणि कारवाई त्यानंतर झाली का. प्रकरणं हरतात ती बहुतेक दुसऱ्या प्रश्नावर. ‘युनियनमुळे काढलं’ असं कुठलीही कंपनी कागदावर लिहीत नाही. प्रॉडक्शन कमी, रिजेक्शन जास्त, सुपरवायझरशी उद्धट बोलली, न सांगता गैरहजर राहिली, अशी कारणं येतात, आणि शेवटी ‘ती युनियनमध्ये आहे हे आम्हाला माहीतच नव्हतं’. म्हणून कंपनीला कळल्याची तारीख तुम्ही स्वतः कागदावर आणायची. पुढचं सगळं त्या तारखेवर उभं राहतं.

पण त्याआधी संख्या. भारतात औद्योगिक संबंध संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. नोंदणीचा अर्ज सात सभासद करू शकतात, पण कंपनीतले १० टक्के किंवा १०० कामगार, यांतला जो आकडा लहान असेल तितके सभासद लागतात. म्हणजे तुमच्याकडे ८०. ती नोंदणीची किमान अट झाली. तेवढ्या बळावर उघड्यावर येऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कंपनीत एकाहून जास्त युनियन असतील आणि वाटाघाटीसाठी एकमेव युनियन म्हणून मान्यता हवी असेल तर ५१ टक्के लागतात, आणि निम्म्याच्या जवळ पोचेपर्यंत तोंड मिटून काम करणं सर्वांत सुरक्षित. शक्य असेल तर नवी युनियन काढण्याऐवजी आधीच नोंदलेल्या एखाद्या गारमेंट युनियनचे सभासद व्हा. नोंदणीच्या कामात जाणारे महिने वाचतात आणि सुरुवातीच्या पत्रांवर बाहेरचा पदाधिकारी सही करू शकतो.

फॉर्म दोन प्रतींत भरा, वर्गणीची पावती स्थळप्रतीसह फाडा आणि तारीख त्याच दिवशी घाला. मागाहून एका बैठकीत एकाच पेनाने भरलेल्या पावत्या उलटतपासणीत टिकत नाहीत. सभासद नोंदवही कंपनीच्या आवारात, हॉस्टेलमध्ये किंवा कामगाराच्या डब्याच्या पिशवीत कधीही ठेवू नका. व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी टाकू नका; एका फोनचा स्क्रीनशॉट एचआरकडे गेला की सगळी नावं गेली. समिती करताना प्रत्येक लाइनमधून किमान एक आणि कटिंग, चेकिंग, फिनिशिंग, हेल्पर यांच्यातून एकेक जण घ्या. नुसत्या शिलाईच्या ऑपरेटर घेतल्या तर हेल्परना रोज पाच-दहा रुपये वाढवून फोडणं कंपनीला फार सोपं जातं.

आता ती तारीख कागदावर आणणारं, कंपनीला द्यायचं पत्र. ‘आपल्या कंपनीत युनियन स्थापन झाली असून खालील कामगार समितीवर आहेत’, एवढंच लिहायचं. समितीची नावं द्या, सभासदांची यादी देऊ नका. कंपनी ती मागेल. सभासदसंख्येच्या पडताळणीच्या वेळी ती पडताळणी करणाऱ्या अधिकाऱ्याला दाखवायची असते, एचआरला नाही. पत्र ऑफिसात नेऊन आवक शिक्का मागा, नाही दिला तर त्याच दिवशी स्पीड पोस्टने पोचपावतीसह आणि कंपनीच्या ईमेलवर पाठवा. प्रत सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयात द्या आणि तिथला शिक्का घ्या. समितीतली कोणीही गुपित राहिली तर तिलाच आधी उचलतात आणि ‘माहीत नव्हतं’ म्हणतात. म्हणून ज्या पुढे आहेत त्यांची नावं उघड आणि मागच्यांची झाकलेली, असं ठेवा. तुमच्याकडे तिघींवर कारवाई आधीच झाली आहे, तेव्हा निम्म्यांची वाट न बघता पत्र याच आठवड्यात जायला हवं आणि त्या तिघींबाबत काय घडलं ते तारीख-वेळेसह त्यातच यायला हवं.

राजीनाम्याचं प्रकरण सगळ्यात तातडीचं. केबिनमध्ये बसवलं असताना ‘सही केल्याशिवाय बाहेर सोडणार नाही’ म्हणणं म्हणजे अडवून ठेवणं, तो फौजदारी गुन्हा आहे. तिथे वाद घालू नका. ‘घरी विचारून उद्या सांगते’ हे एकच वाक्य धरून ठेवा. एचआरने बोलावलं तर सोबत दुसरी बाई आणण्याचा आग्रह धरा; नाही येऊ दिली तर ती दाराबाहेर थांबू दे आणि आत किती वाजता गेली, बाहेर किती वाजता आली ते लिहून ठेवू दे. आणि सही झालीच असेल, तर २४ तासांच्या आत लेखी कळवा: अमुक तारखेला अमुक वेळी, अमुक माणसांसमोर दबावाखाली सही घेतली, राजीनामा मला मान्य नाही, मी कामावर हजर राहायला तयार आहे. हे ईमेलने, स्पीड पोस्टने आणि एचआरच्या व्हॉट्सॲपवरही जाऊ द्या, प्रत कामगार आयुक्तांना. दुसऱ्या दिवशी ठरलेल्या वेळी गेटवर जा; आत घेतलं नाही तर गेटवरूनच तसा मेसेज पाठवा. आठ-दहा दिवस गप्प बसलं की तो राजीनामा राजीखुशीचा होऊन जातो. तोवर ‘फुल अँड फायनल’चे, म्हणजे शेवटच्या हिशेबाचे पैसे खात्यात आले तर घाबरू नका, ‘ही रक्कम मी हिशेब म्हणून स्वीकारलेली नाही’ असं लगेच लिहून कळवा. कोऱ्या कागदावर किंवा न वाचलेल्या व्हाउचरवर सही मात्र कोणत्याही परिस्थितीत नको.

मशीनवरचा छळ बाहेरच्यांना समजत नाही, म्हणून तो नीट मांडावा लागतो. नेहमीची पद्धत अशी की मागच्या ऑपरेशनवरून (शिलाईच्या टप्प्यावरून) बंडल, म्हणजे कापलेल्या कपड्यांचे गठ्ठे, पाठवणंच कमी करतात. तिच्या हातात काम नाही, तासाचं टार्गेट मात्र तेच. किंवा धाग्याचं टेन्शन (ताण) बिघडलेलं मशीन देतात आणि मेकॅनिकला बोलावलं तर तो तासाभराने येतो. आठवड्यात ‘प्रॉडक्शन कमी’चा मेमो तयार. याला उत्तर म्हणजे खिशात मावणारी वही: तारीख, ऑपरेशन, तासाचं टार्गेट, निघालेले पीस, बंडल किती वाजता संपलं, पुढचं किती वाजता आलं, मशीन किती वेळ बंद. युनियनचं पत्र जाण्याआधीच्या दोन आठवड्यांचीही नोंद असेल तर फारच चांगलं, कारण तासाला आधी ५५ पीस आणि नंतर ३० असा फरक तारखेसकट दिसतो. बदललेलं ऑपरेशन, बंद केलेला ओव्हरटाइम, बाथरूमला जाताना मागे लावलेली माणसं, हेही त्याच वहीत.

मेमो किंवा चार्जशीट (कंपनीने दिलेलं आरोपपत्र) नाकारू नका. नाकारलं की ती नोटीस बोर्डावर चिकटवतात आणि चौकशी एकतर्फी उरकतात. घ्या, पोच देताना ‘मिळाली, आरोप मान्य नाहीत’ असं लिहून तारीख-वेळ घाला. उत्तराला मुदत कमी दिली असेल तर वाढीव मुदत लेखी मागा. चौकशीत सोबतीला सहकारी मागा, रोजच्या कामकाजाची प्रत घ्या, न वाचून दाखवलेल्या पानावर सही करायची वेळ आली तर सहीशेजारी तसं लिहा. निलंबन झालं तर पहिले ९० दिवस पगाराच्या ५० टक्के, त्यानंतर, चौकशीला उशीर तिच्यामुळे झाला नसेल तर, ७५ टक्के निर्वाह भत्ता मिळतो.

चोरीचा आळ हा जुना सापळा आहे. बॅगेत पीस किंवा ट्रिम (बटणं, चेन, लेबलं) टाकतात आणि गेटवर पकडतात. सक्रिय बायकांनी पारदर्शक पिशवी वापरावी, लॉकरला स्वतःचं कुलूप लावावं आणि सुटताना दोघी-दोघींनी बाहेर पडावं.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट, चिथावणी. सुपरवायझर मुद्दाम एखादीला ढकलतो, घाणेरडी शिवी देतो. संतापून सगळी लाइन उठते, मशीन बंद होतात आणि कंपनीला हवं ते मिळतं: ‘बेकायदा संप’. संहितेनुसार संपाची आधी नोटीस द्यावी लागते आणि नोटीस दिल्यावर १४ दिवसांच्या आत संप करता येत नाही. समेटाची कार्यवाही (कामगार खात्याच्या अधिकाऱ्यासमोरची बोलणी) चालू असतानाही नाही. एवढंच नाही, निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा घेतली तर तोही संपच धरला जातो. हा राग रास्त असतो, आणि म्हणूनच आधीच ठरवून ठेवा की असं काही झालं तर मशीन चालू राहील, तिच्या शेजारच्या दोघी साक्षीदार म्हणून नाव लिहून देतील, आणि जेवणाच्या सुट्टीत समिती लेखी तक्रार नेऊन देईल. अनुसूचित जाती-जमातीच्या बाईला जातीवरून शिवी दिली असेल तर अॅट्रॉसिटीचा कायदा लागू शकतो. अंगाला हात किंवा लैंगिक शेरा असेल तर कंपनीतल्या लैंगिक छळाच्या तक्रारींसाठीच्या अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते आणि पोलिसांतही जाता येतं.

पोलिसांत गेल्यावर ‘कामगार मॅटर आहे, आमचा संबंध नाही’ असं ऐकायला मिळतं. तोंडी बोलत बसू नका, लेखी तक्रार द्या. नुसत्या धमकीची बहुधा अदखलपात्र नोंद होते. ती एनसीची प्रतही मोलाची, कारण तिच्यावर तारीख असते. जिवे मारण्याची धमकी, मारहाण, कोंडून ठेवणं असेल आणि गुन्हा नोंदवला नाही, तर तक्रार पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवा, पुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. घरी आलेल्या फोनचं रेकॉर्डिंग असेल तर ते पुढे पाठवून मूळ फाइल पुसू नका. फोन जपून ठेवा. न्यायालयात इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं आणि ते मूळ उपकरणाच्या आधारावर देतात. नवऱ्याला, सासऱ्याला येणाऱ्या फोनचा बंदोबस्त मात्र वेगळा: समितीतल्या दोघींनी त्या घरी आधीच जाऊन युनियन काय आहे ते सांगून यावं. फोन नंतर आला तर घरचे इतके हादरत नाहीत.

कायद्याचा मार्ग निवडताना हे लक्षात घ्या. संहितेच्या दुसऱ्या अनुसूचीत अनुचित प्रथांची यादी आहे: युनियनमध्ये गेल्यास काढण्याची किंवा कंपनी बंद करण्याची धमकी, युनियन उभी राहत असताना ती फोडायला पगारवाढ, मालकाने पुरस्कृत केलेली युनियन, सूडाने बडतर्फी. तक्रारीत तुमची घटना यातल्या नेमक्या कोणत्या कलमात बसते ते लिहा. ‘छळ होतो’ एवढ्यावर काही हलत नाही. शिक्षा १० हजार ते २ लाख रुपये दंडाची आहे, पण दंडाने नोकरी परत येत नाही. त्यासाठी औद्योगिक विवाद वेगळा उपस्थित करावा लागतो. महाराष्ट्रात १९७१ चा एमआरटीयू-पीयूएलपी कायदा आहे, युनियनला मान्यता आणि अनुचित प्रथांना आळा यासाठीचा. त्यातली तक्रारीची मुदत घटनेपासून ९० दिवसांची, आणि त्याचं खरं बळ अंतरिम आदेशात, म्हणजे निकालाआधीच मिळणाऱ्या तात्पुरत्या आदेशात आहे. बडतर्फीची वाट बघायची गरज नाही. हिंदुस्तान लिव्हरच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये मान्य केलं की बडतर्फीचा आदेश निघण्याआधीही अशी तक्रार करता येते. म्हणून चार्जशीट हातात पडली की त्याच आठवड्यात वकील गाठा. शिवाय नोंदणीकृत युनियन काही पदाधिकाऱ्यांना ‘संरक्षित कामगार’ म्हणून मान्यता मागू शकते, एकूण कामगारांच्या १ टक्का, पण कमीत कमी ५. तुमच्याकडे आठ जणी. विवाद प्रलंबित असताना त्यांना पूर्वपरवानगीशिवाय काढता येत नाही.

निर्यातीच्या कंपनीत आणखी एक बाजू असते: खरेदीदार ब्रँड. मुख्य लेबल, वॉश-केअर लेबल, कार्टनवरचा पीओ (खरेदी ऑर्डरचा) नंबर आणि स्टाइल नंबर टिपून ठेवा. नुसतं ब्रँडचं नाव दिलं तर ‘आमचा माल तिथे होत नाही’ असं उत्तर येऊ शकतं. पत्र युनियनमार्फत जावं, त्यात घटना तारखांसह आणि मागणी नेमकी: अमुक तिघींना मूळ लाइनवर, मूळ मशीनवर परत घ्या. ब्रँडच्या ऑडिटच्या (तपासणीच्या) दिवसावर भिस्त ठेवू नका, त्या दिवशी कोणी काय बोलायचं हे आधीच पढवलेलं असतं. ब्रँडवरच्या दबावाचा उपयोग होतो हे कर्नाटकात दिसलं आहे. श्रीरंगपट्टणच्या युरो क्लोदिंग कंपनीच्या युनिटमधून जून २०२० मध्ये बाराशेच्या वर कामगार कमी केले गेले, त्यांतले बहुसंख्य युनियनचे सभासद होते. माल एच अँड एमचा होता. कामगार गेटवर बसून राहिले, ब्रँडवर देशाबाहेरूनही दबाव आला, आणि २०२१ च्या सुरुवातीला युनियनशी करार होऊन त्यांना कामावर घेण्याचं कंपनीने मान्य केलं. तमिळनाडूत एका कामगार तरुणीच्या खुनानंतर एप्रिल २०२२ मध्ये झालेल्या दिंडिगल कराराने तर ब्रँडना बांधून घेतलं. त्यात दर २५ कामगारांमागे फ्लोअरवर लक्ष ठेवणारी एक कामगार नेमायची तरतूद आहे.

दबाव वाढला की कंपनी ‘बोलून मिटवू’ म्हणून निरोप पाठवेल. जरूर बसा, पण किमान तिघीचौघी मिळून, आणि बैठकीचं टिपण त्याच दिवशी ईमेलने पाठवा. तडजोडीत चार गोष्टी लेखी घ्या: सेवा अखंड धरली जाईल, मधल्या काळाचा पगार कधी आणि किती मिळेल, मेमो-चार्जशीट मागे घेतल्या जातील, आणि जागा तीच राहील. पीएफच्या खात्यात नोकरी सोडल्याची तारीख भरली गेली असेल तर ती दुरुस्त करून घ्या. ती तशीच राहिली तर पुढे सेवेत खंड दाखवतात. तक्रार मागे घेण्याच्या कागदावर सही, बाई प्रत्यक्ष आपल्या मशीनवर बसून पहिला पगार हातात आल्यानंतरच.